लाल दिवा लागला की

रविवार, ६ ऑक्टोबर

प्रिय छोटी,

अनेक आशीर्वाद. मी आणि दादा मजेत आहोत, तू कशी आहेस? पत्रात आधी तारीख, मग क्षेमकुशल, मग मुद्दा, आणि एका पत्रात मुद्दा एकच, असं शाळेत सिस्टर शिकवायच्या. ती सवय अजून गेलेली नाही. फोन का करत नाही म्हणून तू रागावशील. पण फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. दातांच्या डॉक्टरांचं असंच होत असावं. समोरच्याचं तोंड उघडून ठेवायचं, त्याला प्रश्न विचारायचे आणि उत्तरंही आपणच द्यायची. कागद निदान ऐकून तरी घेतो.

तर मुद्दा. माझ्या खांद्यासाठी तू पाठवलेला दिवा पोचला. मला वाटलं होतं टेबलावर ठेवायचा दिवा असेल. ही तर चहाच्या ट्रेएवढी काळी पेटी निघाली, पुढच्या अंगाला बारीक दिव्यांच्या रांगाच रांगा. पुस्तिका सगळी वाचली. खांद्यापासून वीतभर लांब ठेवायचा, उघड्या अंगावर घ्यायचा, दिव्याकडे बघायचं नाही. सोबतचा काळा चष्मा लावून मी आरशात पाहिलं, तर विमान चालवायला निघालेली आजी दिसली.

एक तक्रार आहे. अर्धे दिवे गेलेले आहेत. एक पेटतो, शेजारचा मेलेला, पुन्हा एक पेटतो, पुन्हा मेलेला. दुकानदाराला कळव. तोवर मी मेलेल्या दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावून टाकली आहे. नीटनेटकं दिसतं.

आपलं काय ठरलंय ते माझ्या लक्षात आहे, परत परत लिहू नकोस. माझा आखडलेला खांदा सुटला तर दादा इथेच, माझ्याजवळ. नाही सुटला तर नव्या वर्षात बागेपलीकडच्या वृद्धाश्रमात त्याची खोली. तू नाव नोंदवून ठेवलंस ते बरंच केलंस, तिथे रांग असते म्हणतात. तुझं म्हणणं चुकीचं नाही. त्याला खुर्चीतून उठवायचं, आंघोळीला बसवायचं, शर्टाच्या बाहीत हात घालायचा, या सगळ्याला दोन हात लागतात आणि माझा उजवा हात खांद्याच्या वर जायला तयार नाही. केस विंचरायचे तर मान खाली घालून डोकंच हाताकडे न्यावं लागतं. पण नवं वर्ष अजून लांब आहे आणि तुझा दिवा आलाय.

दादा मजेत आहे. थोडं विसरतो. पण या वयात कोण विसरत नाही? परवा मी कपाळावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधला.

दिवा कुठे लावला सांगू? बाबांच्या खोलीत. स्वयंपाकघरामागच्या त्या खोलीत आता जुनी बोचकी आणि रिकामे डबे आहेत, पण खिडकीला ठोकलेली फळी तशीच आहे आणि फोटो धुताना बाबा ज्या खिळ्याला लाल दिवा टांगायचे तो खिळाही. तुझी पेटी तिथे अशी बसली की जणू मापानेच केली होती. दिवा लावला, दार लोटलं आणि छोटी, त्या रसायनांचा आंबट वास आला. तो वास कधीचाच गेलाय, मला माहीत आहे. तरी आला.

बाबांचा नियम आठवतो ना? लाल दिवा लागला की दार म्हणजे भिंत. फटीतून लाल रेघ दिसली की आई घरातल्या घरात कुजबुजायला लागायची. तू अगदी लहान असताना पेन्सिल सापडेना म्हणून धाडकन दार उघडलंस, आणि धुवायच्या कागदाची अख्खी पेटी काळी पडली. बाबांनी विचारलं, कोणी उघडलं. दादा म्हणाला, मी. बाबा त्याच्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. तू फ्रॉकचं टोक चावत उभी होतीस.

असो. मुद्दा एकच असावा.

तुझी,
ताई

रविवार, ३ नोव्हेंबर

प्रिय छोटी,

तुझं पत्र मिळालं. हसून घेतलंस ते बरं झालं, डॉक्टरांनी मधूनमधून हसावं.

चिकटपट्टी काढली. म्हणजे तू लिहिलंस तरी मी लगेच काढली नव्हती. न दिसणारा उजेड हे मला देवाधर्मासारखं वाटलं, श्रद्धा ठेवा आणि गप्प बसा. शेवटी व्यायाम शिकवायला येते त्या मुलीने तिचा मोबाइल पुढे धरला. म्हणाली, "काकू, डोळ्यांनी नाही, यातून बघा." कॅमेऱ्यातून पाहिलं तर मेलेले दिवे फिकट जांभळे लुकलुकत होते. म्हणजे लाल दिवे वरवरच्या कातडीसाठी, आणि हे न दिसणारे आत सांध्यापर्यंत उतरायला. आणि मी बाई नेमके तेच झाकून बसले होते.

मुलगी चुणचुणीत आहे. मी विचारलं, "याने खरंच गुण येतो का गं?"

"दुखणं थोडं कमी होतं काहींचं. लावा, तोटा नाही. पण भिंतीवर हात दिवा चढवणार नाही काकू, तो तुम्हालाच चढवायचाय."

तर रोज बोटांनी भिंत चढते, मुंगीसारखी. हात जिथपर्यंत जातो तिथे पेन्सिलीने खूण करायची. मी ती बाबांच्या खोलीच्या चौकटीवर करते, जिथे आपल्या तिघांच्या उंचीच्या खुणा आहेत त्यांच्या पलीकडच्या बाजूला. तुला ऐकून आनंद होईल, हात आता कानाच्या वर गेला आहे. गेल्या आठवड्यापेक्षा खूण चांगली चार बोटं वर आहे. तेव्हा खोलीची घाई करू नकोस.

दादाही माझ्यासोबत तिथे येऊन बसतो. मला सोबत होते आणि त्यालाही बरं वाटतं. पहिल्याच दिवशी दारातून आत पाहिलं, उजेड बघितला आणि म्हणाला, "ट्रे कुठे आहेत?" बाबांचे ट्रे कधीच भंगारात गेले. मी केक भाजायचा ट्रे दिला, त्यात नुसतं पाणी. कोऱ्या कागदांचे तुकडे कापून दिले. मग त्याचे हात बघायला हवे होतेस. इकडे चमचा धरताना सांडतो, पण तिथे ट्रेचा एक कोपरा बोटाने उचलून हळूच सोडायचा, पुन्हा उचलायचा, पाणी कागदावरून एकसारखं फिरलं पाहिजे. मी ट्रे हलवला तर म्हणाला, "तू राहू दे. तुझा हात घाईचा आहे." मग कागद चिमट्याने उचलायचा, निथळायचा, दोरीवर टांगायचा. दोरी मी बांधली, चिमटे कपड्यांचे.

एक ओला कागद त्याने उजेडाशी धरला, मान हलवली आणि म्हणाला, "छोटीने परत डोळे मिटले." तुझ्या एकाही फोटोत डोळे उघडे नाहीत हे घरात त्याच्याइतकं कोणालाच टोचलं नसेल. मी म्हटलं, "परत काढू." तो म्हणाला, "काढू. पळून नाही ना गेली?"

खेळच आहे म्हण. मला करमतं.

तू विचारलंस, दादा तुला ओळखतो ना. काय हा प्रश्न. दिवसातून दहा वेळा हाक मारतो.

थंडी पडायला लागली आहे. तू पाठवलेले मोजे त्याला घालते. बाकी ठीक.

तुझी,
ताई

मंगळवार, २६ नोव्हेंबर

प्रिय छोटी,

आशीर्वाद. आज क्षेमकुशल नंतर लिहिते.

मागच्या पत्रात मीही चिकटपट्टी लावली होती. ती आज काढते.

खांदा सुटलेला नाही. चौकटीवरची ती वरची खूण मी चवड्यांवर उभी राहून केली. मुलीने टाचा टेकवून दाखवा म्हटलं, तेव्हा हात जुन्या खुणेच्याही दोन बोटं खाली राहिला. तिने ती वरची खूण बोटाने पुसली. आणि दिवा खांद्याला लागतच नाही. दादा काळा चष्मा लावू देत नाही, "यातून काय दिसणार" म्हणतो, आणि उघड्या डोळ्यांनी त्याने दिव्याकडे बघू नये म्हणून मी पेटी भिंतीकडे तोंड करून ठेवते. भिंतीवरून परतलेल्या उजेडाने खोली लाल होते, एवढंच. तू माझ्या खांद्यासाठी पाठवलेली वस्तू मी त्याच्या संध्याकाळसाठी वापरते.

कारण संध्याकाळी तो घरी जायला निघतो. घरातच असताना. चपला हातात घेऊन दाराशी उभा राहतो, "आई वाट बघत असेल" म्हणतो, आणि मी अडवलं की मला ढकलतो. रागाने नाही गं, अनोळखी बाई वाटेत आली तर आपण जसं बाजूला करू तसं. त्या खोलीत नेलं की शांत. तिथे त्याला सगळं ओळखीचं आहे. हाक मारतो हे खरं लिहिलं होतं. पण ती हाक कधी "आई" असते, कधी "अहो बाई". "ताई" ही हाक उन्हाळ्यानंतर मी ऐकलेली नाही.

आता परवाचं सांगते. तुला शेजारणीकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

दुपारी दादा झोपला होता. म्हटलं आज खांद्याला खरंच दिवा घेऊ, तुझ्या शब्दाला जागू. पेटी सरळ करायला स्टुलावर चढले, डाव्या हाताने ओढली, तोल गेला तेव्हा आधाराला उजवा हात वर जायला हवा होता. तो गेला नाही. मी बोचक्यांवर पडले म्हणून हाड वाचलं, पण दोन डबे आणि पालथं स्टूल यांच्यात अशी अडकले की उठता येईना. दार लोटलेलं. दिवा चालू. त्याला वेळ लावायची सोय आहे, आपोआप बंद होतो, पण बंद होताना जी शिट्टी वाजते तिने दादा दचकतो म्हणून ती सोय मीच काढून टाकली होती.

हाका मारल्या. पावलं ऐकू आली, भिंतीला हात घासत येणारी. दाराशी थांबली.

"दादा, दार उघड. मी पडलेय."

बाहेरून अगदी हळू आवाजात, "लाल दिवा चालू आहे."

"असू दे. उघड."

"बाबा काम करतायत. कागद जाईल."

"दादा, आत बाबा नाहीत. मी आहे. ताई."

"ताई शाळेत गेलीय," तो म्हणाला. मग मला समजावल्यासारखं, "जरा थांबा. झालं की ते स्वतःच उघडतात. मी आहे इथे."

आणि छोटी, तो खरंच तिथे होता. दाराला पाठ लावून खाली बसला, मला फटीतून त्याच्या सदऱ्याची कड दिसत होती. इतक्या कष्टाने खाली बसणारा माणूस, मी पुन्हा उठवणार कशी, हेच माझ्या मनात आलं. मी ओरडले, रडले, मग गप्प झाले. मी रडले की तो बाहेरून "शू" करायचा. मध्येच बेल वाजली. शिवण करतात त्या शेजारच्या बाई होत्या, त्यांच्याकडे आपली किल्ली असते पण बेल वाजवल्याशिवाय येत नाहीत. तो जागचा न हलता ओरडला, "नंतर या. फोटो धुणं चाललंय." त्या बिचाऱ्या परत गेल्या.

मला त्याचा राग यायला हवा होता. पण तिथे पडल्या पडल्या वाटलं, हा माणूस आयुष्यभर या दाराशी असाच बसलाय. एकदा आपल्यापैकी कोणीतरी दार उघडलं आणि बोलणी याने खाल्ली. आता तो ते परत होऊ देणार नाही, मी आत मेले तरी.

शेवटी पायाच्या अंगठ्यात दिव्याची वायर अडकवून ओढली. एकदा निसटली, दुसऱ्यांदा प्लग निघाला. खोली काळीकुट्ट झाली. त्याच क्षणी चौकटीला धरून उठण्याचा, धापा टाकण्याचा आवाज, आणि दार उघडलं.

"झालं?" त्याने विचारलं. "कसे आलेत?"

मग मी खाली दिसले. तो घाबरला नाही. आत येऊन उशी म्हणून एक बोचकं माझ्या डोक्याखाली सारलं, नीट, दुमडून. आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "तुमच्या घरी कोणाला कळवायचं असेल तर सांगा."

मी म्हटलं, शेजारच्या बाईंना बोलवा. त्याने बोलावलं.

लागलं फारसं नाही. कंबर निळी झालीय, कूस बदलताना दुखते. खांदा होता तिथेच आहे.

वृद्धाश्रमातल्या बाईंना तू कळव. खोली मिळाली तर घ्यायची. मी स्वतः फोन करणार होते, नंबरही लावला, आणि पलीकडून "बोला" म्हटल्यावर ठेवून दिला. तू बोल. तुला लोकांची तोंडं उघडायची सवय आहे.

तू दिवा पाठवलास तेव्हा मला वाटलं होतं, खांदा सुटला की दादा सुटणार नाही. हे दोन हातांचं काम नव्हतंच गं. परवा माझे दोन्ही हात आभाळापर्यंत गेले असते तरी ते दार बाहेरूनच उघडायला हवं होतं.

तुझी,
ताई

रविवार, १९ जानेवारी

प्रिय छोटी,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. दादाही बरा आहे. या वेळी दोन्ही वाक्यं तपासून लिहिली आहेत.

तुझ्या पत्रातला मधला भाग मी दोनदा वाचला. मी दादाला टाकलं नाही असं तू लिहिलंस, ते मी कपाटात ठेवलंय. लागेल तेव्हा काढीन.

त्याची खोली तळमजल्यावर आहे. एक खिडकी, समोर झाडाचा बुंधा आणि माळ्याची ढकलगाडी. नेलं त्या दिवशी तो कोणाशी बोलला नाही. संध्याकाळी चपला हातात घेतल्या. तिथल्या मेट्रनबाई अनुभवी आहेत, अडवत नाहीत, सोबत चालतात. पण त्या तरी किती चालणार? दुसऱ्या दिवशी मी पेटी घेऊन गेले.

त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली. "याने हा आजार बरा होतो?"

"नाही. याने संध्याकाळ बरी जाते."

त्यांनी माणूस बोलावून भिंतीत खिळा मारून घेतला. पेटीचं तोंड भिंतीकडे, वायर त्याच्या हाताला लागणार नाही अशी. ट्रे त्यांच्याच स्वयंपाकघरातला. खिडकीला जाड पडदा. दाराला आतून कडी नाही. बंद होतानाची शिट्टी आत कसलासा तुकडा कोंबून बंद केली, त्यामुळे आता दिवा आपोआप विझतो आणि कोणी दचकत नाही. इतकं सोपं होतं. मला सुचलं नाही.

आता सगळ्या मजल्याला नियम माहीत झालाय. फटीत लाल रेघ दिसली की जेवणाची गाडीसुद्धा थांबते. शेजारच्या खोलीतले रिटायर्ड न्यायाधीश तर येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट ओठांवर ठेवून दाखवतात. मेट्रनबाई म्हणाल्या, "तुमच्या भावाने आमचा मजला शांत केला. आम्हाला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं."

खांदा सुटतोय. खरंच, टाचा टेकवून. काल वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढला आणि काढल्यावर लक्षात आलं, कोणत्या हाताने. मुलीला विचारलं, दिवा तर मी आता घेतच नाही, मग हे कशाने? ती म्हणाली, "आखडलेला खांदा असाच असतो काकू. मर्जीने येतो, मर्जीने जातो. व्यायामानेही असेल." उशीर झाला म्हणायचं की वेळेवर, मला ठरवता येत नाही. वर गेलेल्या हाताने करायचं काय, तेही कळत नाही. सध्या माळे साफ करते.

तू दुसरी पेटी पाठवते म्हणालीस. नको. घरातल्या त्या खोलीच्या खिडकीची फळी मी काढून घेतली. ऊन येतं.

मी एक दिवसाआड जाते, संध्याकाळच्या आधी बसने. परवा जरा उशीर झाला आणि पोचले तर रेघ दिसत होती. मी दार वाजवलं. आतून तोच हळू आवाज आला, "थांबा, फोटो येतोय." मी बाहेरच्या बाकावर बसले. बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. लहानपणीही दाराबाहेर बसायला मला आवडायचं. आत काहीतरी चाललेलं असायचं आणि आपण त्याची राखण करतोय असं वाटायचं.

दिवा विझला, दार उघडलं. त्याने मला पाहिलं. ओळखलं की नाही मी आता बघत नाही. हातात एक वाळलेला कागद होता, तो माझ्यापुढे धरून म्हणाला, "हा छोटीला पाठवा. या वेळी डोळे उघडे आहेत."

सोबत पाठवते आहे. पाण्याने जरा सुरकुतला आहे, दुमडू नये म्हणून मागे पुठ्ठा लावलाय. एका कोपऱ्यावर चिमट्याची खूण आहे, ती दादाची.

मार्चमध्ये येणार म्हणतेस, ये. त्याच्याकडे आपण दोघी जाऊ. फक्त फटीत रेघ दिसली तर दार वाजव आणि माझ्याजवळ बाकावर बस. पेन्सिल मी बरोबर आणीन.

तुझी वाट बघत, दाराबाहेर बसलेली,
ताई